आई म्हणते, गावाकडं परत येऊ नको

"मावशी, नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, जांबोटी भागात गाव आहे, वय २९. आयटीआय करून पुण्याला आलो, आता चाकणला सीएनसी ऑपरेटर आहे, ओव्हरटाइम धरून २८,००० हातात येतात, भोसरीत तिघांत एक खोली. घरी आई-बाबा दोघंच, तीन एकर भात आणि थोडे काजू. बाबांचे गुडघे गेलेत. मला परत यायचंय. बेळगावला उद्यमबागेतल्या एका कारखान्यात १८,००० देतो म्हणालेत. खरं आईच म्हणते येऊ नको, आलास तर तुझं लग्न जमायचं नाही, तिकडंच राहा. बाबा काहीच बोलत नाहीत. मित्र म्हणतात वेडा झालास काय. गाव सोडून राहिलो हे चुकलं की आता परत जाणं चुकेल, काहीच कळेना झालंय. काय करू सांगा."

बाळा, तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना माझंही लक्ष त्या २८ आणि १८ हजारावर गेलं, सगळ्यांचंच जाईल. दुसऱ्यांदा वाचताना मात्र तुझ्या आईच्या एका वाक्यावर अडकले. जिचा मुलगा लांब आहे, जिचा नवरा गुडघे धरून बसलाय, जिला घरात माणूस हवंय, तीच बाई म्हणते येऊ नको. हे वाक्य तू लग्नापुरतं घेतलंस. मला ते लग्नापेक्षा बरंच मोठं वाटतं, म्हणून आधी त्याच्यावर बोलूया, पगाराचं नंतर बघू.

आपल्याकडं लग्न हा गाव सोडायचा एक मोठा मुद्दा झालाय हे खरंच आहे, त्यात तुझी आई काही चुकीचं बोलत नाही. खानापूर, चंदगड, निपाणीकडं कुठंही जा, तिशी उलटलेली, शेती सांभाळणारी, निर्व्यसनी पोरं घरोघरी बसलीत आणि स्थळ आलं की पहिला प्रश्न येतो, मुलगा पुण्याला असतो काय. कितीतरी पोरं पगारासाठी नाही तर बायोडाटावर 'पुणे' लिहिता यावं म्हणून तिकडं दहा बाय दहाच्या खोलीत राहतात. आणि मग पारावर बसून सगळे मुलींना नावं ठेवतात, आजकालच्या पोरींना कष्ट नको, यांना फ्लॅट पाहिजे, यांना मॉल पाहिजे. मला हे ऐकून फार वाईट वाटतं. त्या मुली दुसऱ्या ग्रहावरनं आलेल्या नाहीत, त्या आपल्याच गावच्या आहेत, त्यांनी त्यांच्या आईचा दिवस जवळनं बघितलाय.

तुझ्या आईचा दिवस तू कधी पहाटेपासून बघितलायस काय? गणपतीला येतोस तेव्हाचा नको, तेव्हा घर भरलेलं असतं आणि तू पाहुणा असतोस. जुलैमधला सांगते. तुमच्या जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस, मलप्रभा तिथंच उगम पावते, सह्याद्रीचा ऐन माथा, दिवसेंदिवस ऊन दिसत नाही, लाईट गेली की दोन-दोन दिवस नाही, मोबाईलला रेंज नाही. त्यात पहाटे उठून शेण काढायचं, ओली लाकडं फुंकत चूल पेटवायची (गॅस असतो, खरं सिलिंडर संपेल म्हणून जपून वापरतात), गुरांचं बघायचं, मग इरलं नाहीतर प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर घेऊन दिवसभर चिखलात वाकून रोप लावायचं, परत येऊन भाकऱ्या, आणि रात्री नवऱ्याच्या गुडघ्याला तेल. अंग दुखलं म्हणून सांगायला कोणी नाही. रात्री-अपरात्री बाळंतपणाची वेळ आली तर गाडी शोधण्यापासून सुरुवात. ही बाई मुलाला म्हणते येऊ नको, तेव्हा ती तुझ्याबद्दल तर बोलतेच आहे, खरं ती त्या न आलेल्या सुनेबद्दल पण बोलते आहे. मी जे काढलं ते आणखी एका पोरीला काढायला लावू नको, असं तिला म्हणायचं असेल. तिला असं सरळ बोलता येत नसेल, आपल्या बायकांना स्वतःच्या कष्टाबद्दल बोलायची सवयच नाही.

गाव टिकतंय की रिकामं होतंय हे घरातल्या बाईचा दिवस कसा जातो त्याच्यावर ठरतं, असं माझं स्पष्ट मत झालंय. नोकरी, शेती, शाळा, रस्ता, सगळं महत्त्वाचंच आहे. खरं हे सगळं शेवटी चुलीपाशी, नळापाशी आणि बसस्टॉपपाशी येऊन मोजलं जातं. ज्या घरात दारात पाणी आलं, न्हाणीघर-संडास धड झालं, सुनेला गाडी चालवायला शिकवली, तिच्या हातात तिचे चार पैसे राहिले, अशा घरातली माणसं गावात राहिलेली मी बघितलीत, त्यांची जमीन काही इतरांपेक्षा जास्त नव्हती. आणि ज्या घरावर स्लॅब टाकला, पुण्याच्या पैशातनं रंग दिला, पुढं ग्रीलचा दरवाजा लावला आणि मागं चूल तशीच राहिली, ती घरं लक्ष्मीच्या यात्रेपुरती उघडतात आणि मग परत कुलूप.

कर्नाटक सरकारनं २०२३ ला बायकांना साध्या बसचा प्रवास मोफत केला आणि त्याच वर्षी गृहलक्ष्मीचे महिन्याला २,००० रुपये घरच्या कर्त्या बाईच्या खात्यावर द्यायला सुरुवात केली. यावर किती टिंगल होते ते ऐकते मी. मला मात्र त्याचं मोल मोठं वाटतं. ज्या बाया बेळगावला वर्षातनं एकदा यायच्या त्या आता भाजी घेऊन येतात, दवाखान्यात दाखवायला येतात, माहेरी जाऊन येतात, कोणाला तिकिटाचे पैसे मागावे लागत नाहीत. खरं गाडी गावात आली तर ना! तिकीट नाही आणि बसही नाही अशी गावं तुमच्या पट्ट्यात आहेत, एक वस्तीची गाडी, ती चुकली की दिवस गेला. जी मुलगी सातवीनंतर हायस्कूलला, तिथनं पीयूसीला (अकरावी-बारावीला) खानापूर नाहीतर बेळगावला याच गाडीच्या भरवशावर शिकली, ती परत तशाच गावात का येईल सांग बरं.

आता तुझा अपराधीपणा. तू विचारलंस गाव सोडलं हे चुकलं काय. नाही रे. आपल्या भागातनं माणसं बाहेर जाणं आज सुरू झालेलं नाही. तुझ्या आजोबांच्या पिढीतली माणसं मुंबईच्या गिरण्यांत होती, गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकून शिफ्टप्रमाणं झोपायची, १९८२ च्या संपानंतर कितीतरी जण ट्रंक घेऊन घरी आले. त्यांच्या मागनं गोवा. चोर्ला घाट उतरला की गोवा, बेकरी, हॉटेल, खाणीवरचे ट्रक, आणि २०१२ ला तिथल्या खाणी थांबल्या तेव्हा तेही काम गेलं. त्यांच्या मागनं तुम्ही, पुणे, चाकण, रांजणगाव. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळी पोरं गावात परत आली होती, पार भरले होते, म्हातारी माणसं खूश, आणि कंपन्या उघडल्या तशी पुन्हा गेली. प्रेम कमी होतं म्हणून गेली काय? तीन एकर भातात चार महिन्यांचं काम असतं आणि बारा महिन्यांचा खर्च असतो. त्यात गवे आणि रानडुकरं. रात्रभर माळ्यावर बसून राखण करायची आणि सकाळी बघावं तर अर्धं पीक तुडवलेलं. अशा ठिकाणी जो राहतो तो शूर असं नाही आणि जो जातो तो पळपुटा असंही नाही, दोघंही घर चालावं म्हणूनच करतात.

तुमच्या बाजूच्या भीमगड अभयारण्यात काय चाललंय तुला माहीत असेल. २०११ ला अभयारण्य जाहीर झालं, आत जुन्या वस्त्या अडकल्या, रस्ता नाही, दिवे नाहीत, आजारी माणूस चादरीत घालून खांद्यावरनं आणायचा. शेवटी तळेवाडीची माणसं कुटुंबामागं १५ लाखांच्या मोबदल्यावर बाहेर यायला तयार झाली. तिथं निदान सरकारनं विचारलं तरी, तुम्हाला बाहेर पडायचंय काय म्हणून. अभयारण्याच्या बाहेरच्या तुझ्यासारख्या गावांना कोणी विचारत नाही, ती एकेक घर करून रिकामी होतात, आणि शाळेत पोरं उरली नाहीत की मग लोकांच्या लक्षात येतं. मराठी शाळेचा पट घसरला की शिक्षक कमी, शिक्षक कमी की उरलेले पालक पोरांना खानापूरला खोली घेऊन ठेवतात, बहुतेक वेळा आईच पोरांबरोबर खोलीवर जाते आणि गावात सासू-सासरे राहतात. म्हणजे इथंही बाईच आधी हलते बघ.

बरं, पगाराचं बघू. २८ आणि १८ यात दहा हजारांचा फरक दिसतो, तो खरा तेवढा नाही. पुण्यात खोलीचे तुझ्या वाट्याचे साडेतीन, मेसचे चार, जाण्यायेण्याचे दीड, असे ९,००० तरी जातात, म्हणजे १९ उरले. इकडं गावातनं उद्यमबागेत येऊन-जाऊन साठ-सत्तर किलोमीटर होतील, पेट्रोल साडेतीन-चार हजार, १४ उरले. फरक पाच हजारांचा, आणि तुझे २८ हे ओव्हरटाइम धरून आहेत, बारा-बारा तास उभं राहून, ते १८ आठ तासांचे आहेत काय हे नीट विचारून घे. पीएफ आहे काय, कायम करणार की कंत्राटावर, हे विचार. उद्यमबाग, मच्छे इथली फौंड्री आणि मशीन शॉप चांगली आहेत, बेळगावच्या कारागिराच्या हाताला पूर्वीपासून नाव आहे, खरं बरीच युनिट लहान आहेत, मोठ्या कंपनीची ऑर्डर कमी झाली की आधी शिफ्ट कमी होते. तू चाकणला काय शिकलास, प्रोग्रॅमिंग येतं काय, सेटिंग येतं काय, याच्यावर मागणी कर, नुसतं ऑपरेटर म्हणून येऊ नको. येत नसेल तर सहा महिने तिकडंच राहून शिकून घे, तिथं शिकायला मिळतं, इथं येऊन शिकायचं म्हटलं तर मशीन रिकामं मिळत नाही. आणि सेकंड शिफ्ट घेऊ नको बाबा. रात्री बारा वाजता पावसात जांबोटी रोडनं बाइकवर, रस्त्यात गवा उभा, तुझ्या आईला त्यापेक्षा तू पुण्यात बरा.

माझा सल्ला विचारशील तर तू परत ये, खरं थेट गावात राहायला येऊ नको. खानापुरात नाहीतर मच्छे-पिरनवाडीकडं दोन खोल्या बघ. हे ऐकून तुला वाटेल मग परत येऊन काय उपयोग. खूप आहे. तिथनं गाव तासाभरावर आहे, बाबांना दवाखान्यात न्यायला तू दुपारी पोचतोस, लावणीला, कापणीला, काजूच्या दिवसात रजा टाकून जाता येतं, रविवार गावात. पुण्याहून हे होत नाही, तिथनं तू फक्त पैसे आणि काळजी पाठवतोस. आणि तुझ्या बायकोला, जी कोणी येईल तिला, काम करायचं असेल तर बेळगावात संधी आहे, दवाखाने, शाळा, दुकानं, ऑफिसं. कितीतरी घरं अशी अर्धी तालुक्याच्या गावात आणि अर्धी मूळ गावात राहायला लागलीत, लोक त्याला कमीपणा समजतात, मला तसं वाटत नाही. गावचं घर उघडं राहतं, शेत पडीक पडत नाही, आणि बाईच्या जिवावर सगळा भार येत नाही.

गावच्या घराचं मात्र लगेच हाती घे, पगार बदलण्याच्या आधी. तू पाठवतोस त्यातले पुढच्या वर्षभराचे पैसे पुढचा ओटा आणि रंगाला लावू नको. मागची बाजू कर. न्हाणीघर, संडास, पाण्याची टाकी, धूर बाहेर जाईल अशी चूल, इन्व्हर्टर. लावणीला मजूर सांग, नाहीतर भात लावायचं यंत्र भाड्यानं मिळतं काय चौकशी कर, धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या मातीत बी पेरणं) जमणारी जमीन असेल तर तीही कर, आई वाकणार नाही एवढं बघ. यात तुझी हौस कमी पुरी होईल, आईचे हातपाय वाचतील.

दुसरं काम कागदांचं, ते कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. तीन एकर म्हणालास, ते कोणाच्या नावावर आहेत? बाबांच्या की अजून आजोबांच्या? आपल्याकडं निम्म्या घरांत वारसा झालेला नसतो, उताऱ्यावर मेलेल्या माणसांची नावं, चार काका, दोन आत्या, एक मुंबईला, एकाचा पत्ता नाही. बाबा आहेत तोवर नाडकचेरीत (महसूल खात्याच्या कचेरीत) जाऊन वारसा करून घे, वाटणी असेल तर ती मोजून घे. तुला बहीण असेल तर तिचाही २००५ च्या कायद्यानं मुलाइतकाच हक्क आहे, तिला बोलावून घे, तिच्याशी बोलून कर, नुसती सही घ्यायला बोलावू नको.

आणि कन्नड वाचायला शीक. रागावू नको. तू मराठी शाळेत शिकलास, मीही मराठी शाळेत शिकले, मराठीवर माझा जीव आहे आणि १ नोव्हेंबरला, आपल्या काळ्या दिवसाला, काय वाटतं ते मला कोणी शिकवायला नको. खरं उतारा कन्नडमध्ये, पंचायतीची नोटीस कन्नडमध्ये, पीक नुकसानीचा अर्ज कन्नडमध्ये, आणि आपली माणसं ते घेऊन दुसऱ्याच्या दारात उभी, तो सांगेल ते खरं आणि तो मागेल ते पैसे. बोलायला तुला येतच असेल, लिपी दोन-तीन महिन्यांत येते. मराठीतनं कागद मिळावेत ही मागणी रास्तच आहे, ती आपण लावून धरूच. सीमाभागातल्या ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्र दावा करतो त्यांच्यासाठी तिथल्या सरकारनं काही सवलती ठेवल्यात, कॉलेज प्रवेशात, नोकरीच्या अर्जात, दवाखान्याच्या योजनेत, तुझं गाव त्यात येत असेल तर रहिवासाचा दाखला काढून ठेव, पुढं पोरांना उपयोगी पडेल. सीमाप्रश्नाचा सुप्रीम कोर्टातला दावा २००४ चा आहे, तेव्हा तू दुसरी-तिसरीत असशील. निकाल कधी लागेल तेव्हा लागो, तोवर तुझ्या बाबांच्या गुडघ्याचा रिपोर्ट आणि शेताचा उतारा थांबायचे नाहीत.

बाबा गप्प आहेत म्हणालास. त्यांना विचार तुमच्याच्यानं आता किती होतंय. 'मी येऊ काय' असं विचारू नको, त्याचं उत्तर कुठलाच बाप देणार नाही, हो म्हटलं तर मुलाचं नुकसान केलं असं होतं आणि नाही म्हटलं तर स्वतःच्याच मनाविरुद्ध. कुठला तुकडा कसायचा, कुठला खंडानं द्यायचा, गुरं किती ठेवायची, असं एकेक विचार. दोन म्हशींऐवजी एकच ठेवायची ठरली तरी तुझ्या आईला सकाळी तासभर मिळतो.

आणि आईशी बोलायला फोन नको. आठ-दहा दिवसांची रजा टाक, आषाढात जा, ऐन पावसात, आणि तिच्याबरोबर कामाला लाग, शेण काढण्यापासून. न बोलता दोन दिवस गेले की ती आपोआप बोलेल. तिनं पुन्हा येऊ नको म्हटलं तर का ते तुला तोवर कळलेलं असेल, मग वाद घालू नको, काय बदललं तर ये म्हणशील एवढंच विचार आणि ती सांगेल ते लिहून घे.

लग्नाचं शेवटी. तू पुण्यात राहून लग्न जमवलंस आणि वर्षभरात गावी परत यायचं म्हणालास तर ती त्या मुलीची फसवणूक होईल, असं करणारी पोरं आहेत, तू करू नको. स्थळ बघायला जाशील तेव्हा पहिल्याच बैठकीत सांग की नोकरी बेळगावात, राहणं खानापुरात किंवा मच्छेत, गावाला आई-बाबा आहेत, शेती आहे, लावणीला मी रजा काढतो, तू चिखलात उतरलीच पाहिजेस असं काही नाही, तुला नोकरी करायची असेल तर कर, पगार तुझ्या खात्यावर. आणि मोठी माणसं बसलेली असतात तिथं नाही, तिच्याशी वेगळं बोलायला मिळेल तेव्हा तिलाही विचार, तुझ्या आईचा दिवस कसा जातो, त्यातलं तुला काय नको आहे. काही स्थळं मोडतील. मोडू देत.